रिकामी शिडी

अंग पुसलेला टॉवेल वेगळा आणि नुसताच ओला केलेला टॉवेल वेगळा. हा फरक कळायला शाळा शिकावी लागत नाही, पण लाँड्रीत बरीच वर्षं घालवावी लागतात. अंग पुसलेला टॉवेल मधोमध ओला असतो आणि टोकांना कोरडा, कारण पाठ घासताना टोकं मुठीत धरलेली असतात. डोकं पुसलेला भाग जास्त ओला, आणि त्यात हमखास एखाददुसरा केस. नळाखाली धरून पिळलेला टॉवेल मात्र शहाण्या मुलासारखा सगळीकडे सारखा ओला, आणि अंगावर पिळाच्या तिरक्या रेघा.

सूनबाईनं आप्पांचा टॉवेल स्वयंपाकघराबाहेरच्या दोरीवर टाकायला उचलला आणि तिचा हात तिथंच थांबला. तिरक्या रेघा. तिनं तो नाकाशी नेला. साबणाचा वास नव्हता, माणसाचाही नव्हता. नळाचा होता.

आप्पा स्वयंपाकघरात चहा पीत बसले होते. केस ओले, भांग चोख.

"आज पाणी काय झकास गरम होतं," ते म्हणाले.

"हो का?" सूनबाई म्हणाली आणि टॉवेल दोरीवर पसरला. दुसरं काय म्हणणार?

आप्पा तिचे सासरे. ते तिला सूनबाई म्हणायचे, आणि खाली लाँड्रीच्या दुकानातही दिवसभर तोच पुकारा चालायचा. सूनबाई पावती, सूनबाई कॉलर बघ, सूनबाई हे बटण लटकतंय. ऐकून ऐकून गिऱ्हाइकांनीही तेच नाव उचललं. तिच्या निम्म्या वयाची पोरं काउंटरवर कोपर टेकून विचारायची, "सूनबाई, माझी पँट झाली का?" आता तिचे स्वतःचे केस पिकायला लागले होते, तरी ती अख्ख्या गल्लीची सूनच राहिली होती.

लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला रुमालालासुद्धा धड इस्त्री करता येत नव्हती. कपडा ओळखायला आप्पांनीच शिकवलं. "डोळ्यांनी नको, बोटांनी बघ," म्हणायचे. हा शर्ट खुर्चीत बसणाऱ्याचा, हा उभ्यानं राबणाऱ्याचा. हा कोट 'एकदाही घातलेला नाही हो' असं सांगून आणलाय, पण याच्या बाहीनं चांगली पोटभर मेजवानी खाल्लीय. आणि आता तेच आप्पा तिच्या हातात पिळलेला टॉवेल देत होते. फसवायचं तर निदान नीट तरी फसवावं की नाही, असं तिला वाटलं आणि हसूही आलं. मग हसू गेलं.

कारण नणंद यायची होती.

नणंद परगावी राहायची. मनानं चांगली, पण तिच्या चांगुलपणाला धीर म्हणून नव्हता. मागच्या खेपेला तिनं आप्पांना मिठी मारली, पण पटकन सरळ झाली आणि वहिनीचा दंड धरून तिला स्वयंपाकघरात घेऊन आली.

"वहिनी, आप्पा आंघोळ करतात ना?"

"रोज. पाण्याचा आवाज येतो ना मला."

"मग कॉलरला वास कसला येतोय?"

"लाँड्रीतला माणूस आहे, वन्सं. लोकांचे वास अंगावर घेऊन फिरतो."

"हसण्यावारी नेऊ नकोस. माझ्या ओळखीचा एकजण आहे. घरी येतो, साबण लावतो, अंग पुसतो, कपडे घालून देतो, जातो. पुढच्या खेपेला असंच दिसलं तर मी त्याला बोलावणार म्हणजे बोलावणार. त्यात लाजायचं काय? वय झालं की व्हायचंच."

बाहेर आप्पांनी हे सगळं ऐकलं. फक्त शर्टाचं गळ्यापाशी असलेलं सगळ्यात वरचं बटण लावून घेतलं, आणि नणंद गाडीत बसेपर्यंत ते काढलं नाही.

अख्ख्या गल्लीचे मळके कपडे आयुष्यभर हाताळलेल्या या माणसानं स्वतःचा बनियन मात्र कधी कुणाला धुवू दिला नव्हता. सासूबाई होत्या तेव्हा त्यांनासुद्धा नाही. स्वतः धुवायचे, स्वतः वाळत टाकायचे, तोही चादरीच्या आड. अशा माणसाला कुणी तिऱ्हाईत उभं करून साबण लावणार, ही कल्पना सूनबाईला सोसवेना. आप्पांना ती किती सोसवत नसेल हे त्या वरच्या बटणावरून दिसत होतंच. म्हणजे आंघोळ त्यांनी आपली आपण, दार लावून करायला हवी होती, आणि नणंद यायच्या आत करायला हवी होती. नाहीतर तो माणूस येणार.

मग ते करत का नव्हते?

दुसऱ्या दिवशी सूनबाई आप्पांच्या वेळेला स्वतः आंघोळीला गेली. एरवी ती दुपारी दुकान बंद असताना उरकायची, तेव्हा खिडकीतून थोडं ऊन यायचं. सकाळचं बाथरूम तिला ठाऊकच नव्हतं. घराच्या मागच्या अंगाला नंतर चिकटवलेलं, तीन बाजूंनी वारा खाणारं, दोन माणसं उभी राहिली तर एकमेकांची माफी मागावी लागेल एवढंसं. खाली दुकानात वाफ, कढत पाणी, तापलेल्या इस्त्र्या. वर ही बर्फाची पेटी. दिवसभर उबेत राबायचं आणि गारठ्यात न्हायचं, असा त्या घराचा न्याय होता.

पाण्यात उभी होती तोवर ठीक होतं. पाणी खरंच झकास होतं. तिनं नळ बंद केला, आणि मग कळलं. फरशीतून गारठा तळपायात शिरला, खिडकीच्या फटीतून आलेला वारा ओल्या पाठीवर बसला, पडते की काय म्हणून तिनं नळाशेजारचा कंबरेएवढा कठडा धरला, आणि टॉवेल हातात येईपर्यंत तिचे दात वाजायला लागले. तिचे, पन्नाशीतल्या धडधाकट बाईचे. आप्पांना तर आधी काठी चाचपायची, मग कठडा धरायचा, मग टॉवेल.

"अहो," तिनं दुपारी नवऱ्याला गाठलं. तो धुलाईच्या मशिनात डोकं घालून कुणाचा तरी हरवलेला मोजा शोधत होता. "बाथरूम गरम करायला हवं."

"पाणी गरम आहे की."

"पाणी नाही, बाथरूम."

नवऱ्यानं डोकं बाहेर काढलं. "छोटा हीटर ठेवू एखादा. पंख्याचा."

"आप्पा ठेवू देतील? ओल्या फरशीवर वायर?"

नाहीच ठेवू देणार, हे दोघांनाही माहीत होतं. आप्पांना तरुणपणी ओल्या हातानं इस्त्रीचा झटका बसला होता. तेव्हापासून पाणी आणि वायर एका खोलीत दिसली की ते दोन्हींना शिव्या घालायचे.

"मग भिंतीत पक्कं बसवतात ते घेऊ," ती म्हणाली. "टॉवेल अडकवायच्या गरम दांड्या असतात बघा. हॉटेलांचे टॉवेल येतात ना आपल्याकडे, तो मॅनेजर सांगत होता. खोलीही गरम राहते म्हणे."

"पण आप्पांना काय सांगणार? तुमच्यासाठी घेतोय?"

"वेडे आहात का? सांगू, टॉवेल वाळत नाहीत."

इथंच तिची चूक झाली. पण ती कळायला वेळ होता.

आप्पांना खरेदीला सोबत न्यायचं हेही तिनंच ठरवलं. "तुमच्याशिवाय वाळवण्याची वस्तू कोण पारखणार?" असं म्हटल्यावर ते लगेच टोपी शोधायला लागले.

नळ, बेसिनं आणि आरशांच्या त्या दुकानात एका भिंतीवर सगळ्या गरम दांड्या ओळीनं लावलेल्या होत्या. काही चकचकीत, काही पांढऱ्या, काही काळ्या. आडव्या दांड्या, दोन बाजूंना उभे खांब. आप्पांनी चष्मा वर केला.

"ही तर शिडी आहे. वर चढून काय मिळतं?"

दुकानातल्या मुलीला हसू आवरेना. गालाला खळी पडणारी, कामात तरबेज मुलगी होती. "आजोबा, वर चढायचं नाही, टॉवेल लटकवायचे. तुम्हाला कशासाठी हवी, टॉवेल गरम करायला की खोली?"

"टॉवेल," आप्पा म्हणाले.

सूनबाईनं तोंड उघडलं आणि मिटलं. "टॉवेल," तीही म्हणाली. आपणच सांगितलेलं खोटं आता आपल्यालाच पाठीवर वाहावं लागणार, हे तिच्या ध्यानात आलं.

"मग ही छोटी चकचकीत पुरेल. फार खपते ही," मुलगी म्हणाली.

सूनबाईनं चकचकीत दांडीवर हात ठेवला. शेजारच्या पांढऱ्या मोठ्या शिडीपुढे नुसता हात धरला, न टेकवता, इस्त्री तापली की नाही बघतात तसा. पांढरीची ऊब तळहातापर्यंत येत होती. चकचकीत मात्र हात लावला तरच गरम, दूर धरला तर जेमतेम.

"बरोबर ओळखलंत," मुलगी हळूच म्हणाली. "चमकणारी ऊब कमी सोडते. खोलीसाठी म्हणाल तर पांढरीच, आणि मोठी."

खोलीसाठी म्हणता येत नव्हतं. सूनबाईनं आप्पांकडे वळून विचारलं, "आप्पा, छोटीवर किती टॉवेल मावतील हो?"

आप्पांनी वितीनं माप घेतलं आणि छोटीकडे बघून तोंड वाकडं केलं. "हिच्यावर? रुमाल मावतील. ही पांढरी बघ. दोन दांड्यांत अंतर कसं सोडलंय, हवा खेळेल. चादरसुद्धा मावेल चौघडी करून." घोडा विकत घ्यायला आल्यासारखे ते शिडीपुढून या टोकाकडून त्या टोकाकडे फिरले. "ही घे, सूनबाई. घ्यायची तर कामाची घ्यावी."

सूनबाईनं मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

पावती करताना मुलगी म्हणाली, "एक लक्षात ठेवा हं. टॉवेलांनी झाकली तर खोली तापत नाही. सगळी ऊब कापडच पिऊन टाकतं."

"झाकायची नाही?" आप्पा म्हणाले. "मग काय रिकामी दांडी बघत आंघोळ करायची? पोरी, गंमत करतेस तू."

वायरमन आला, शॉवरपासून लांब, दाराशेजारच्या भिंतीत शिडी बसवून गेला. वायर भिंतीच्या पोटात, बटण बाथरूमच्या बाहेर. आप्पांनी दिव्याच्या उजेडात सगळी भिंत तपासली आणि त्यांना शिवी द्यायला जागाच सापडली नाही. तिघांनी दाटीवाटीनं आत उभं राहून शिडीला हात लावून बघितला. "वा," नवरा म्हणाला. सूनबाईला वाटलं, सुटलो.

पण लाँड्रीतल्या माणसांना रिकामी दांडी बघवत नाही. हा त्या घराचा रक्तातला रोग होता. आप्पांनी आधी आपला टॉवेल टाकला. मग नवऱ्याचा. मग म्हणाले, एवढी जागा वाया का घालवायची, आणि खालून उशांचे अभ्रे आणले, चारपदरी करून, काठाला काठ जुळवून, एकही दांडी उघडी राहणार नाही असे लावले. नवऱ्यानं एका गिऱ्हाइकाची घाईची जीन्स आणून वरच्या दांडीवर घातली. खोटं कशाला बोला, तिसऱ्या दिवशी सूनबाईनंही पुसायची दोन फडकी कोपऱ्यात खोचली. दुकानातल्या मुलीचं बोलणं तिला आठवत होतं. पण हात ऐकत नव्हते.

बाथरूम गारच राहिलं. उलट आता ओल्या कपड्यांचा दमटपणा आरशावर बसायला लागला. आणि त्याहून वाईट म्हणजे आप्पांचा टॉवेल. सकाळी ते बाहेर यायचे, केस ओले, भांग चोख, आणि टॉवेल शिडीवर. सूनबाई हात लावायला जाईपर्यंत तो कोरडा, गरम, मऊ, सगळ्या खुणा पुसून बसलेला. पिळाच्या रेघा नाहीत, काही नाही. पुरावा नष्ट करायचं यंत्र तिनं स्वतः पारखून, पाठ थोपटून घरी आणलं होतं.

तिनं साबण बघितला. आप्पांची वडी वेगळी असायची. तिच्यावरची कोरलेली अक्षरं अजून करकरीत होती, आणि मधोमध बारीक चीर गेली होती.

त्या दुपारी फोन आला. "वहिनी, रविवारी सकाळी येतेय. आप्पा बरे आहेत ना? मी त्या माणसाशी बोलून ठेवलंय, नुसतं विचारून ठेवलंय हं."

फोन ठेवून सूनबाई वर गेली आणि शिडीवरचं सगळं काढायला लागली. अभ्रे, जीन्स, फडकी, मोजे. काढता काढता आप्पा काठी टेकत दारात आले.

"हे काय? वाळले नाहीत अजून."

"खाली दोरीवर वाळतील."

"मग ही शिडी कशाला घेतली?"

सूनबाई अभ्र्यांचा ढीग पोटाशी धरून उभी राहिली. खरं सांगावं तर आप्पांचं वरचं बटण लागणार. न सांगावं तर रविवार येणार. तिनं ढीग कठड्यावर ठेवला.

"आप्पा, ती टॉवेलांसाठी घेतलीच नव्हती. मी खोटं बोलले."

"मग?"

"थंडी वाजते. पाण्यात काही वाटत नाही, पण नळ बंद केला की असं कापरं भरतं की टॉवेल हातात धरवत नाही. त्या दिवशी कठडा धरून उभी राहिले. भीती वाटली, पडते की काय." तिनं ढिगातला एक अभ्रा सारखा केला. "माझी मला. सकाळी न्हायला गेले होते ना, तेव्हा. म्हटलं, सांगायचं कुणाला? लोक म्हणतील, अंगावर पाणी घ्यायला घाबरते ही."

यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं, हे तिला स्वतःलाच बोलून झाल्यावर कळलं.

आप्पांनी शिडीकडे बघितलं, मग खिडकीच्या फटीकडे. मग बराच वेळ फरशीकडे.

"मला वाटलं, माझंच रक्त आटलं," ते म्हणाले.

सूनबाई अंग चोरून भिंतीला टेकली. दोघांना जागाच नव्हती तिथं, एवढंसं ते बाथरूम.

मग आप्पांनी काठी भिंतीला लावली, पुढे होऊन शिडीवर राहिलेला शेवटचा अभ्रा काढला आणि नुसत्या दांड्यांपुढे तळहात धरला. न टेकवता. "हात्तिच्या," ते पुटपुटले. "आपणच गोधडी पांघरवून ठेवली होती की हिला." आणि मग त्यांचा आवाज बदलला, दुकानातला झाला. "सूनबाई, इस्त्री तापल्याशिवाय कपड्यावर ठेवतो का आपण?"

"नाही."

"मग? आंघोळीला गेल्यावर बटण दाबून काय उपयोग? आधी तापवायला हवी. चांगली तासभर. दार बंद ठेवून. आणि त्या फटीला पट्टी लाव, दुकानात फेल्टचं जाड लोकरी कापड आहे, इस्त्रीच्या टेबलाचं उरलेलं. टॉवेल एकच, तोही टोकाला, घ्यायला सोपा जाईल असा. बाकी चिंधीसुद्धा दिसली तर बघ."

"पण आप्पा, एवढ्या लवकर उठून बटण कोण दाबणार?"

"मी उठतोच की पहाटे. झोप येते कुठं मला? तुझी आंघोळ आधी. तुझ्या आंघोळीनं आणखी ऊब धरेल. मग मी." ते काठी उचलून निघाले आणि दारात थांबले. "तुला थंडी वाजते म्हणून करतोय हं."

"हो, आप्पा. माझ्यासाठीच."

तेवढ्यात नवरा त्या घाईच्या जीन्सची चौकशी करत वर आला. "अगं, ती पँट कुठं—"

"चिंधीसुद्धा नाही!" आप्पा गरजले, आणि तो आला तसा खाली गेला.

पुढचे दिवस घरात एक नवाच कारभार सुरू झाला. उजाडताना बटणाचा खट आवाज. मग आप्पांची दारावर टकटक, "सूनबाई, तापलं." ती डोळे चोळत उठायची, मनात म्हणायची, कुठून ही थंडी माझ्या नावावर घेतली, आणि बाथरूमचं दार उघडलं की तोंड बंद व्हायचं. रिकाम्या पांढऱ्या शिडीसमोरची हवा इस्त्री नुकत्याच फिरलेल्या चादरीसारखी. ती आवरून बाहेर यायची आणि आप्पा आत जायचे. पाण्याचा आवाज पूर्वीही यायचा. आता पाणी बंद झाल्यावरही आत बराच वेळ काही ना काही चालू असायचं. पण आप्पा बाहेर येताना टॉवेल आतच शिडीवर ठेवून यायचे, आणि तिनं आत जाऊन बघायचं नाही असं ठरवलं. साबणही बघितला नाही. ठरवणं सोपं होतं, न बघणं जड गेलं.

रविवारी नणंद आली, हातातली पिशवीही खाली न ठेवता विचारती झाली, "आप्पा कुठायत?"

"आंघोळीला गेलेत."

नणंदेनं भुवई वर केली आणि बाथरूमच्या दाराबाहेर खुर्ची ओढून बसली, दवाखान्यात बसतात तशी. आत पाणी पडत होतं. मग थांबलं. आतून आप्पांचं गुणगुणणं ऐकू यायला लागलं, सूर कसलाच नाही, नुसता घशातला समाधानी आवाज.

"एवढा वेळ काय करतायत?" नणंद म्हणाली. "गारठतील ना."

"नाही गारठायचे," सूनबाई म्हणाली.

दार उघडलं. आतली ऊब आधी बाहेर आली, मागून साबणाचा वास, आणि त्याच्यामागून आप्पा. कान लाल, गाल लाल, शर्टाची वरची दोन बटणं उघडी. नणंद उठली, त्यांच्या गळ्यात पडली, आणि तिथंच राहिली. या वेळी ती पटकन सरळ झाली नाही.

"किती छान वाटतंय हो आत," ती त्यांच्या खांद्यावरून बघत म्हणाली. "हे कधी केलंत?"

"सूनबाईला थंडी वाजते," आप्पा म्हणाले. "नाजूक आहे फार."

"वहिनी? नाजूक?"

"तू तुझ्या त्या माणसाला सांग," आप्पा पुढे म्हणाले, "लाँड्रीत काम हवं असेल तर ये म्हणावं. बाकी इथं काही काम नाही."

नणंद लाजली. हसलीही. मग पिशवी उचलून चहाचं बघायला स्वयंपाकघरात गेली.

त्या दिवशी टॉवेल शिडीवर नव्हता. तो आप्पांच्या हातात होता, आणि त्यांनी तो सूनबाईपुढे धरला, गिऱ्हाईक काउंटरवर कपडा ठेवतं तसा.

"घे. बघ बोटांनी."

तिनं घेतला. मधोमध ओला. टोकं कोरडी, मुठीत चुरगळलेली. आणि डोकं पुसलं तिथं एक पांढरा केस.

"तुम्हाला माहीत होतं?" तिनं हळू आवाजात विचारलं.

"शिकवलं कुणी तुला?" आप्पा म्हणाले. "पहिल्याच दिवशी दोरीपाशी तुझा हात थांबलेला दिसला मला. म्हटलं, आता बोलेल. तू बोललीच नाहीस."

स्वयंपाकघरातून नणंदेनं डोकं बाहेर काढलं. "काय बघताय दोघं त्या टॉवेलात?"

"काही नाही, वन्सं," सूनबाई म्हणाली. "ओला आहे."

आणि सवयीनं ती तो शिडीवर टाकायला वळली, तशी आप्पांनी काठी आडवी धरली. ती टॉवेल खांद्यावर टाकून खाली दुकानात गेली आणि दोरीवर पसरून आली.